इनास मिस्त्रीची जीप

इनास मिस्त्रीच्या हातात कुठलीही बंद वस्तू आली, की उघडण्याआधी तो ती कानाशी नेऊन हलवायचा. मग ती काड्यापेटी असो, पानाचा डबा असो, नाहीतर कुणाची ट्रंक. आमची पहिली भेट कल्याणला दवाखान्याच्या आवारात झाली. मी नमस्कार केला, तर त्याने माझ्या खांद्यावरची औषधांची पिशवी काढून घेतली, कानाला लावली, दोनदा हलवली आणि म्हणाला, "कंपोंडर, यात तीन वस्तू बेघर हायत." उघडून पाहिले, तर कात्री, मलमाची डबी आणि थर्मामीटर मोकळे फिरत होते. थर्मामीटर फुटलेला होता. मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसरी मोठी लढाई संपून तीन-चार वर्षे झाली होती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या गाड्या लिलावात निघाल्या, त्यातली एक जीप आमच्या खात्याने फिरत्या दवाखान्यासाठी घेतली. डॉक्टर, ड्रायव्हर रघुनाथ आणि मी, असे तिघे शहाडवरून पुढे मुरबाडच्या बाजूच्या खेड्यांना जायचो. रस्ते म्हणजे बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. औषधे आम्ही आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालून न्यायचो. गाव येईपर्यंत आयोडीन सांडून बँडेज रंगलेली असायची आणि नेमकी हवी ती बाटली सगळ्यांत खाली असायची. ठाण्याच्या खाडीपलीकडे, कळव्याकडे, मीठ वाहणारे मचवे, म्हणजे मोठ्या होड्या, बांधणारा एक ख्रिस्ती सुतार आहे, त्याला बोलवा, असे कुणीतरी सुचवले. तोच हा इनास. पन्नाशीचा, ठेंगणा, उजव्या हाताचा अंगठा मुळापासून वाकडा, आणि बोलणे असे, की समोर साहेब असो की हमाल, आवाजात फरक नाही.

"गाडी म्हंजे होडीच," त्याने जीपभोवती एक फेरी मारून सांगितले. "फक्त हिचा पाणी कडक."

त्याने पहिले तीन दिवस हत्याराला हातच लावला नाही. आमच्याबरोबर मागच्या पेट्यांवर बसून गावोगाव आला, डोळे मिटून. डॉक्टरांना वाटले, हा झोपा काढतो. तो ऐकत होता. कुठल्या खड्ड्याला काय वाजते, वळणावर कुठली पेटी कुठे सरकते. अधूनमधून मला विचारायचा, "साप चावलेला माणूस आणला तर पयला काय काढता? दुसरा काय? हात खाली घालता की वर?" मला कधी कुणी असे प्रश्न विचारले नव्हते. मी माझ्याच हातांकडे तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

मग त्याने काम सुरू केले. मोडीत निघालेल्या एका मचव्याचे सागवान आणले. पाणी प्यालेले आणि उन्हात वाळलेले लाकूड पुन्हा फुगत नाही, असे त्याचे म्हणणे. मागच्या दोन बाजूंना खण केले, पण सारखे नाहीत. प्रत्येक बाटलीच्या बुडाचे माप घेऊन तिचे भोक वेगळे, आत लष्करी ब्लँकेटचे अस्तर. वजनदार वस्तू चाकांवर, खाली आणि मध्ये. ॲसिडच्या बाटल्यांना तळाशी बंद पेटी. साप-विंचवाचे सामान पाठीमागच्या फळीजवळ, म्हणजे गाडी थांबायच्या आत हाताला लागावे. ती फळी साखळीवर खाली उतरली की तिचे टेबल व्हायचे. खिळा त्याने एकही मारला नाही, सगळे पितळी स्क्रू. "खिळा हादऱ्यानं मागं सरतो," तो म्हणायचा, "स्क्रू शब्द पाळतो."

काम झाल्यावर त्याने प्रत्येक भोकात बदकाचे एकेक अंडे ठेवले आणि रघुनाथला शहाडजवळच्या नदीपात्रातल्या गोट्यांवरून जीप पळवायला सांगितली. रघुनाथने हसत हसत पळवली. एक अंडे फुटले. आम्ही टाळ्या वाजवल्या. इनासने मात्र तो अख्खा खण उघडून पुन्हा बांधला. "एकच फुटलं," मी म्हटले. "त्या एकात कुनाचा औषध आसंल?" तो म्हणाला.

त्या पावसाळ्यानंतर एका पाड्यावर बाळंतपणानंतर एक बाई रक्ताने निथळत होती. डॉक्टरांनी मागे हात केला आणि मी न बघता रक्त थांबवणारे अर्गटचे इंजेक्शन त्यांच्या हातावर ठेवले. बाई जगली. इनास अधूनमधून जीपच्या डागडुजीला कल्याणला यायचा, तेव्हा मी हे त्याला मोठ्या कौतुकाने सांगितले. त्याने एवढेच विचारले, "खण आडकला नाय ना?"

आमच्या गाडीवर कामाची पद्धत शिकायला डोंबिवलीची कमल नावाची नर्स महिनाभर होती. विशीतली, हसरी आणि डावखुरी. दुसऱ्याच दिवशी इनासने तिला खण उघडताना पाहिले, लगेच स्क्रू काढले आणि त्या खणाची मूठ डाव्या बाजूला बसवली. कमल म्हणाली, "मिस्त्रीकाका, शाळेत मास्तरांनी डाव्या हातावर छड्या मारल्या. तुम्ही पहिलेच, ज्यांनी हाताप्रमाणे लाकूड बदललं." इनास लाजला. लाजला की तो शिंकल्यासारखे करायचा.

आमच्या मोठ्या साहेबांचे ऑफिस ठाण्याला होते. त्यांनी जीप पाहिली, फळी वर-खाली केली, आणि पुढच्या आठवड्यात एक आरेखक पाठवून तिचा नकाशा काढून घेतला. मुंबईला गेलेल्या त्या नकाशावर नाव साहेबांचे होते. इनासला मी ते सांगितले, तर तो म्हणाला, "नाव त्याचा ऱ्हाऊं दे. नावानं गाडी वाजत नाय." नकाशा मंजूर झाला आणि तसल्याच आणखी चार गाड्या ठाण्यातच खोपटला एका ठेकेदाराच्या शेडमध्ये तयार होऊ लागल्या.

इनास एकदा मला घेऊन त्या पाहायला गेला. देवदारी फळ्या, खिळे, अस्तर कुठेच नाही. पाण्याची टाकी आणि जड बाटल्या सगळ्या उजव्या अंगाला आणि वरच्या फळीवर, कारण डाव्या बाजूला ठेकेदाराने पाहुण्या अधिकाऱ्यांसाठी गादीची बैठक काढली होती. ॲसिडही वरच. इनासने एका गाडीला खांदा लावून ती नुसती हलवली. मग ठेकेदाराला म्हणाला, "ही उताराला वाजंल आनि वळनाला लोळंल." ठेकेदार म्हणाला, "साहेबांना सांग."

इनासला फक्त आपले नाव लिहिता यायचे. "मी सांगतो, तुमी लिवा," तो म्हणाला. दवाखान्याच्या पायरीवर बसून मी अर्ज लिहिला. वजन एका बाजूला आहे, ॲसिड डोक्यावर आहे, ह्या गाड्या घाटात नेऊ नयेत, दुरुस्ती मी फुकट करून देतो. खाली त्याने दोन मिनिटे घेऊन 'इनास' अशी सही केली. अर्ज मी स्वतः ठाण्याला नेऊन साहेबांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि कोटाच्या खिशात ठेवला. "तुम्हाला कायम करण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?" ते शांतपणे म्हणाले. "मग सुतारांचे अर्ज लिहायला तुम्हाला वेळ कसा मिळतो?"

मी तिथून निघालो. इनासने विचारले, "काय बोलला साहेब?" मी म्हटले, "बघतो म्हणाले."

दोन महिन्यांनी नव्यांपैकी एक गाडी घाटाच्या वळणावर कलंडली. ड्रायव्हर खरचटण्यावर वाचला. वरच्या फळीचे खिळे निसटले आणि कार्बोलिक ॲसिडची बाटली खाली बसलेल्या नर्सच्या तोंडावर फुटली. ती कमल होती. उजवा डोळा गेला, गाल मानेपर्यंत जळला.

खात्यात दोन दिवसांत सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य झाले: होडीच्या सुताराने गाडी बांधली, दुसरे काय होणार. ज्या साहेबांचे नाव नकाशावर होते, त्यांनीच अहवालात लिहिले की मांडणी इनास नावाच्या खासगी कारागिराची. इनास हे ऐकण्याआधीच हॉस्पिटलात गेला होता. कमलच्या वडिलांनी त्याला वऱ्हांड्यात गाठले आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. तो हात जोडून उभा राहिला. मी ठेवली नाय ती बाटली वर, एवढेसुद्धा तो बोलला नाही. मी त्याला नंतर विचारले, का नाही बोललास? तो म्हणाला, "बाप व्हता तो. त्या टायमाला त्याला कुनीतरी पायजे व्हता."

चौकशीला मुंबईहून अधिकारी आले. ठाण्याच्या ऑफिसात दुपारी आम्हाला बोलावले. इनासने सरळ सांगितले, "मी लेखी कळवला व्हता. ह्या कंपोंडरनं लिवला. ह्यांना इचारा." त्याच्या चेहऱ्यावर काळजी अशी नव्हतीच. साक्षीदार समोर बसलेला होता ना.

चौकशी अधिकारी माझ्याकडे वळले. "खरं आहे का हे?"

साहेब खिडकीबाहेर पाहत होते. माझ्या बायकोला तेव्हा पहिल्या खेपेचे दिवस गेले होते, सहा वर्षे मी तात्पुरत्या नोकरीवर होतो. ही कारणे मी नंतर स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली आहेत. तेव्हा ती मनात आली होती असेही म्हणवत नाही. मनात फक्त भीती होती.

"मला आठवत नाही," मी म्हणालो.

"आठवत नाही, की लिहिला नाही?"

"लिहिला नाही."

खोलीत पंख्याचा आवाज होता. इनास माझ्याकडे वळून म्हणाला, "कंपोंडर, परत एकदा बोला. मना नीट ऐकू नाय आला."

मी पुन्हा बोललो. तेच. ह्या वेळी आवाजही कापला नाही.

तो उठला, हत्यारांची पिशवी उचलली आणि गेला. सरकारी कामावर त्याला घेऊ नये, असा हुकूम निघाला. तो तर निघणारच होता. पण मचव्यांची कामेही आटली. बायका त्याच्याकडे बोट दाखवून सांगायच्या, ह्यानं त्या पोरीचा डोळा घालवला. मी त्याच साली कायम झालो. साहेब बढतीवर मुंबईला गेले. आणि इनासने बांधलेली ती पहिली जीप आणखी सहा वर्षे चालली. मी रोज सकाळी तिचे खण उघडत होतो. एकही बाटली फुटली नाही.

माझी बदली ठाण्याला झाली, तेव्हा कुठे मी खाडी ओलांडून त्याच्या गावाला गेलो. तो ओट्यावर बसला होता, छाती भात्यासारखी वर-खाली होत होती. त्याच्या बायकोने मला ओळखले आणि ती आत निघून गेली. मी घरून निघतानाच वाक्य पाठ करून आलो होतो. "मिस्त्री, मी तेव्हा खोटं बोललो."

"मना ठावं हाय," तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. "तुमाला ठावं हाय. सायबाला ठावं हाय. त्या पोरीला ठावं नाय." पुन्हा थांबला. "तिला जाऊन सांगा. मना काय सांगता?"

मी हो म्हटले. येतो म्हणून निघालो.

डोंबिवली काही लांब नाही. तरी मला जायला पाच महिने लागले. एका रविवारी जाऊ म्हटले की पाहुणे यायचे, दुसऱ्या रविवारी मुलाला ताप असायचा. खरे तर मी पाहुण्यांची आणि तापाची वाटच पाहत असे. शेवटी ठाण्याच्या दवाखान्यात कळव्याकडचा एक जण औषधाला आला, त्याने सहज सांगितले की आमच्याकडचा इनास मिस्त्री तीन आठवड्यांपूर्वी वारला. त्यानंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो.

कमल भावाच्या घरी राहत होती. शिवणयंत्रावर बसली होती, पदर उजव्या गालावरून घेतलेला. नर्सचे काम सुटले होते, लग्न झाले नव्हते. मी दारात उभ्याउभ्याच सगळे सांगितले. अर्ज, कोटाचा खिसा, चौकशी, मी काय बोललो ते. तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले.

मग म्हणाली, "बाबांनी त्यांना मारलं, तेव्हा मी आतून ऐकत होते. मला बरं वाटलं होतं. इतकी वर्षं मी त्या माणसाला तळतळाट दिले." ती उठून उभी राहिली. "कुठे असतात ते? मला आत्ताच्या आत्ता घेऊन चला."

"ते गेले," मी म्हणालो. "महिना झाला."

ती माझ्याकडे एका डोळ्याने पाहत राहिली.

"मग तुम्ही इथे कुणासाठी आलात?" तिने विचारले, आणि मी उत्तर देण्याआधी दार लावून घेतले.