आखाडातलं मोहोळ

भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. मधमाश्या पाळणारा माणूस मी... डोळ्यांना दिसेल तेवढंच खरं, हा आपला खाक्या. तरी आज लिहितोय, कारण घरात हा विषय काढायची सोय उरलेली नाही.

जळोचीत घरामागे माझ्या सात मधपेट्या होत्या. बायको, सारिका, तिकडे फिरकायची नाही. लग्नाच्या वर्षीच एक माशी चावली आणि तिचा श्वास अडकला. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तरी पेट्या ठेवल्या, हा माझा हट्ट.

गेल्या आषाढात डाळिंबाच्या बागेत पेट्या ठेवायचं बोलायला कळसला एका आबांकडे गेलो. नमुन्याला एक रिकामी पेटी गाडीवर होती. बघतो तर विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरवर भलंमोठं मोहोळ! ऐन पावसाळ्यात माश्या घर सोडत नाहीत. मला मात्र आयती वसाहत दिसली.

"आखाडातलं मव्हाळ आमी धरीत न्हाय," आबा म्हणाले. "दोन-तीन दिसांत जातंय आपणहून."

"आबा, माश्यांना कुठला आलाय आखाड!"

राणी सापडली. खूण म्हणून तिच्या पाठीवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला आणि तिला पेटीत सोडलं. बाकीच्या मुकाट मागोमाग गेल्या. खरं तर बाहेर गेलेल्या माश्या परतेपर्यंत, म्हणजे दिवस मावळेपर्यंत, पेटी तिथंच ठेवायची असते. आभाळ भरून आलं म्हणून मी दुपारीच उचलली... चूक माझीच.

घरी पेटी ठेवतोय तोच आबांचा फोन. "आवो, मव्हाळ हितंच हाय की!"

मागे राहिलेल्या असतील, घेऊन यावं, म्हणून भवानीनगरवरून परत कळस गाठलं. स्टार्टरवर तेवढंच मोहोळ लोंबत होतं. हाताने चाळलं. मधोमध राणी — पाठीवर लाल ठिपका.

आबा दोन पावलं मागे सरकले. "मग तुमी घरी काय न्हेलं?"

मी तिथूनच सारिकाला फोन लावला. "त्या पेटीजवळ जाऊ नकोस!"

"पेटीपशीच बसलीया," ती शांतपणे म्हणाली. "किती ऊब हाय ओ आत."

घरी कसा पोचलो, देव जाणे. झाकण बाजूला पडलेलं. सारिकाचे दोन्ही हात मनगटापर्यंत माश्यांत. मी ते ओढून काढले. एकही डंख नाही.

"हात कशाला काढलं?" तिने विचारलं. अशा नजरेने तिने माझ्याकडे कधीच बघितलं नव्हतं.

आत बघायचं धाडस मला झालं नाही. सकाळी पेटी रिकामी होती, मेलेली माशीसुद्धा नाही. कळसचं मोहोळही गेलं होतं. सगळ्या पेट्या मी देऊन टाकल्या.

ओळखीचा एक पाळणारा म्हणतो, दुसऱ्या कुणाची खूण केलेली राणी असेल. असेलही... पण सारिकाचं काय? परवा अंगणात तिच्या मनगटावर माशी बसली. मी ओरडलो. तिने ती उडवली नाही, हात पुढे करून तशीच उभी राहिली... आणखी येणार असल्यासारखी.

आषाढ पुन्हा तोंडावर आलाय. काय करावं, मला खरंच कळत नाही.