बारशाआधीचं नाव

मी जर्मनीला निघालो त्या सकाळी आक्काने आधी घोडेगावच्या कचेरीत हक्कसोडपत्रावर सही केली आणि मग माझी बॅग उचलून एसटी स्टँडपर्यंत आली. वडील जाऊन वर्ष झालं होतं. डिंभ्याजवळची आमची भाताची खाचरं आणि वरचा नाचणीचा उतार, सगळं त्या सहीने माझ्या एकट्याचं झालं. बहिणींनी अशी सही करायची, ही आमच्याकडची रीत इतकी जुनी आहे की कुणी बहिणीला विचारतही नाही. मीही विचारलं नाही. सही कुठे करायची ते फक्त बोटाने दाखवलं.

गाडी लागली. आक्का खिडकीखाली येऊन म्हणाली, "दत्ता, जमीन घे बाबा. म्या काय ती डोक्यावर घिऊन ओतूरला सासरी न्हेऊ? पण लेकरू झालं की नाव म्या ठेवणार. ध्यानात ठेव."

"ठेव की. मी कुठे नाही म्हणतोय?"

आई शेजारी उभी होती. ती एवढंच म्हणाली, "बहिणीचा मान राखावा."

गावाकडे राहिलेल्यांना सांगायला नको, पण माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगतो: बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. ते आधी बाळाच्या कानात सांगते, मग मोठ्याने. नाव जाहीर झालं की बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात.

हे मला चांगलं माहीत होतं. इतकं चांगलं की आमच्या तिकडच्या शहरातल्या गणपतीत मी सोळा संस्कारांवर व्याख्यान दिलं, स्लाइडसह. एका क्रीडामंडळाचा हॉल, फ्रीझरमधून निघून मायक्रोवेव्हमध्ये गेलेले मोदक, आणि सोवळ्याची चर्चा करणारे सॉफ्टवेअर इंजिनियर. मी त्या थाटाची मनातल्या मनात पुरेशी टिंगल केली आणि मग माइक हातात घेतला. म्हणालो, ग्रंथांनी नाव ठेवायचं काम बापाकडे दिलं. आत्याला पाळण्याजवळ आणलं ते घरातल्या बायकांनी. जिला माहेरच्या मालमत्तेत काही उरत नाही, तिच्यासाठी माहेरात राखलेली ही एवढी एक जागा. टाळ्या पडल्या. माझी बायको पहिल्या रांगेत होती, सात महिन्यांची गरोदर.

मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. नाव ठरलं नसेल तर नंतर कळवा, घाई नाही, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. हे मी पुढे कित्येकांना सांगताना गाळत आलो. "तिकडे नावाशिवाय दवाखान्यातून सोडतच नाहीत," असंच सांगायचो. खरं म्हणजे ओतूरला तेव्हा दुपार होती आणि आक्काला फोन लागला असता. मला भीती वाटली की ती टीव्हीवरच्या एखाद्या मालिकेतलं नाव सांगेल, नाहीतर आजीचं. जर्मनांच्या तोंडात बसेल असं नाव मला हवं होतं. मी 'तारा' लिहिलं.

मुलगी आठ महिन्यांची झाल्यावर आम्ही गावी आलो. बारसं आमच्यासाठी थांबलं होतं. विमानातच मी बायकोला सांगितलं, पंधरा दिवस हिला फक्त पिल्लू म्हणायचं. "त्यापेक्षा सांगून टाक ना आक्कांना," ती म्हणाली. "उगाच कशाला दुखवायचं?" मी म्हणालो. माझ्या भित्रेपणाला मी बऱ्याचदा हेच कपडे घालतो.

बारशाला घर भरलं. घुगऱ्या शिजल्या, पाळणा सजला. आक्काने हाताने शिवलेली कुंची आणली होती, पण तान्ह्या बाळाच्या मापाची. ती डोक्यावर नुसती टेकत होती. "अगं, ही काय पाळण्यात ऱ्हाती? उतरून पळंल आता," शेजारची काकू म्हणाली. शेवटी आक्काने पोरीला मांडीवरच घेतलं. पोरीने तिच्या कानातली फुलं धरून ओढायला सुरुवात केली.

"तारा, नाही!" मी बोललो.

पोरीने झटकन मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांची पोर स्वतःच्या नावालाच तशी मान वळवते. आक्काने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बायकांचा गलका चालू होता. तिच्याशिवाय कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मी घुगऱ्यांचं पातेलं उगाचच इकडचं तिकडे केलं.

आक्का पोरीच्या कानाशी वाकली. बराच वेळ वाकूनच राहिली.

"नाव सांगतीस का कहाणी?" काकू ओरडली. सगळ्या हसल्या.

आक्काने मान वर केली. "तारा," ती म्हणाली. "तारा ठिवलं म्या."

तिच्या पाठीत धपाटे पडले. तीही हसली. माझी अब्रू झाकायला तिने तो मार खाल्ला.

चारची गाडी चुकली असती तर आक्काला मुक्काम करावा लागला असता, म्हणून ती लगेच निघाली. वाटेत तिला गाठून मी विचारलं, "आक्का, तू कुठलं ठरवलं होतंस?"

"हेच."

"खरं सांग."

"ग्वाड हाय की नाव. कशाला उकरतोस?" दहाएक पावलं चालून ती म्हणाली, "तिकडून फोन लागत न्हाई का रं?"

मी गाडी येतेय का ते पाहिलं. गाडी आली.

आईला विचारलं, तर तिलाही माहीत नव्हतं. "बाळाच्या कानाआधी कुणाला सांगायचं नसतं म्हणाली."

तारा आता सहा वर्षांची आहे. आक्का फोनवर तिला 'बाय' म्हणते. आमच्याकडे साऱ्याच मुलींना बाय म्हणतात, त्यामुळे त्यातून काही सिद्ध होत नाही. पण 'तारा' मी तिच्या तोंडून नंतर कधी ऐकलं नाही.

परवा ताराने बारशाचा व्हिडिओ पाहिला. "बाबा, माझं नाव एवढंसं आहे. मग आत्याला सांगायला एवढा वेळ का लागला?"

घर म्हणजे काय, यावर मी एकेकाळी अर्धा तास बोललो असतो. आता एवढंच सांगता येतं: तिथे माझ्या मुलीचं काहीतरी ठेवलेलं आहे आणि ते मागायचा हक्क मला उरलेला नाही. सातबारा माझ्या नावावर आहे.

उन्हाळ्यात आम्ही जातोय. तारा म्हणते, मी आत्यालाच विचारीन. विचारू दे. तेव्हा मी अंगणात थांबेन.