उतरायची परवानगी

आमच्या मालकांच्या छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या, त्याला तीन महिने झाले होते. डॉक्टर म्हणत होते, माणूस ठणठणीत आहे. माणूस म्हणत होता, मी चाललो. दिवसभर पडवीतल्या खाटेवर बसायचं, मनगटावर दोन बोटं ठेवायची आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजायचे. कुणी हाक मारली तर हात वर करून ‘थांबा’, कारण मोजणी चुकते. बैलगाड्यांच्या शर्यतीच्या घाटात ह्यांच्या आरोळीने शेजारचे कानावर हात ठेवायचे, आणि आता हा माणूस खोकायलाही घाबरत होता. मला राग यायचा. खरं सांगायचं तर रागापेक्षा भीतीच जास्त होती.

चैत्रातल्या तपासणीला डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. “हृदय चांगलं आहे. पण असेच बसून राहिले तर मनाने खचतील. बाहेर काढा त्यांना. महिन्याने पुन्हा बघू.” महिनाही कसा मिळाला, तर ऐन यात्रांचा. घर सुनेच्या ताब्यात दिलं, गाई मुलाच्या, आणि आमच्या निमगाव सावा गावातून ह्यांना जवळजवळ ओढतच बाहेर काढलं.

पहिली यात्रा माझ्या माहेरची. आमच्याकडे यात्रेला गेलेल्या पाहुण्याने एका घरी जेवून सुटायचं नसतं. भावकीतल्या प्रत्येक घरी निदान दोन घास खावे लागतात, नाहीतर वर्षभर टोमणे. म्हणून मी शहाणपणा केला आणि आधीच सगळ्यांना फोन करून सांगितलं की ह्यांना मीठ-तेल चालत नाही. वाटलं, त्या निमित्ताने सुटतील. झालं उलटंच. पाचही घरांनी ह्यांच्यासाठी वेगळी अळणी आमटी करून ठेवली होती, आणि एवढ्या मायेने वेगळी चूल पेटवल्यावर दोन घासांवर कोण सोडतंय? आम्ही पुरणपोळ्या हाणत होतो आणि हे मुकाट्याने आमटी पीत होते. पाचव्या घरी धाकट्या वहिनीने “दाजी, आजून वाढू का?” म्हणून विचारलं.

“वयनी,” हे म्हणाले, “स्प्रिंगा बसवताना बी एवढा तरास न्हाई झाला.”

घरभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने मीच हसले, कारण तीन महिन्यांतला ह्यांचा हा पहिला विनोद होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी. म्हणजे आदल्या रात्री तमाशा झाला की तीच मंडळी सकाळी देवळापुढे पुन्हा गातात, नाचतात. आम्ही बायका मागे कट्ट्यावर बसून सोंगाड्याला नावं ठेवत होतो आणि एकही शब्द चुकवत नव्हतो. दुपारी घाटात गाडे पळाले. छातीला सोसायचं नाही म्हणून हे घाटाकडे पाठ करून बसले. पण कानांना कुठे पाठ असते? माइकवाला “झाली झाली झाली” करू लागला की मान आपोआप वळायची, आणि तोवर गाडा वर गेलेला असायचा. चौथ्या गाड्याच्या बारीला म्हणाले, “मान आखडली राव,” आणि खुर्चीच फिरवून घेतली. ओरडले मात्र नाहीत.

मग आणखी तीन गावं झाली, आमराईत दुपारच्या झोपा झाल्या, बर्फ न घालता उसाचा रस झाला. हे पहाटे उठून ज्या पाहुण्यांकडे असू त्यांच्या गोठ्यात जाऊ लागले. पण लेण्याद्रीला गेलो तेव्हा पायऱ्यांकडे एक नजर टाकून ह्यांनी खालूनच हात जोडले. “चढ नको. चढावरच जाईल माझा जीव.” माझी पंचाईत झाली. कारण ह्यांना स्प्रिंगा बसवायला आत नेलं होतं त्या दिवशी मी भीमाशंकराला बोलले होते की बरं कर, ह्यांना पायी पायऱ्या उतरवून तुझ्या दारात आणते.

आता भीमाशंकराचं देऊळ खाली आहे. आधी उतरायचं, मग चढायचं. मी एका सकाळी गोठ्यामागे जाऊन डॉक्टरांना फोन लावला. “देवाला जायचंय. पायऱ्या उतराव्या लागतात. चालंल का?” डॉक्टर बाहेरगावचे. म्हणाले, “उतरायला काय हरकत आहे?” मी पटकन फोन ठेवला. पुढचं विचारलंच नाही.

आदल्या दिवशी शिनोलीला नणंदेकडे राहिलो आणि सकाळची एसटी धरली. उतरलो झपझप, दर्शनही छान झालं. मग हे वळून वर बघू लागले. डोलीवाले मागे लागले, “काका, बसा की.” ह्यांनी हातानेच नको म्हटलं. वीस पायऱ्या झाल्या की बसायचं, घोटभर पाणी प्यायचं, पुन्हा उठायचं. घामाने सदरा ओला झाला. मी मागून एकेक पायरी चढत मनात देवाला म्हणत होते, चूक माझी आहे, ह्यांच्याकडून वसूल करू नकोस.

वर पोचलो. ह्यांनी द्रोणभर करवंदं घेतली. मी तिथेच खाली बसले आणि मला रडू फुटलं. “अवो, म्या डाक्तरला नुसतं उतरायचंच इचारलं व्हतं!”

“ठावं हाय. तवा गोठ्यात गव्हाणीपाशी मीच व्हतो.”

“मग आलात कशाला?”

“चढायचं इचारलं असतंस तर त्यो नाय म्हनला असता,” करवंदाची बी थुंकत हे म्हणाले. “अन् मग मी जल्मात कुठं चढलो नसतो.”

महिना भरला, तशी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद दोनदा चाळले आणि खूश होऊन म्हणाले, “उत्तम! आता हळूहळू एखादा जिना चढायला सुरुवात करा.”

“बरं डाक्तर,” हे गंभीरपणे म्हणाले, “बघतो जमतंय का.”

मी पदर तोंडात कोंबला.