तिसऱ्या बूस्टरचं घर

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. कुलूप लावलं की मी ते दोनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पुन्हा एकदा परत येतो. बायको म्हणते, हा माणूस देवळात गेला तरी चपला दिसतील अशा जागी उभा राहतो. तिचं काही चूक नाही.

मध्यंतरी माझी भाची घरी आली होती. ती इथे नागपुरात, मिहानच्या आयटी वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. लोक मोबाइलवर सिनेमे बघतात ते ज्या यंत्रांमधून येतात, ती यंत्रं किती आणि कुठे ठेवायची हे ठरवणं तिचं काम. बघणारे थोडे असतील तर किती सर्व्हर, शहरभर असतील तर किती, देशभर असतील तर किती, असे तीन आराखडे तिने मला लॅपटॉपवर दाखवले. मी चष्मा लावून ते नीट बघितले आणि विचारलं, "हे तू कोणत्या महिन्यात बसून काढलेस?"

"मामा, महिन्याचा काय संबंध?" ती हसत म्हणाली.

मी विषय बदलला. सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि त्यात मला शोभेल असं काही नव्हतं.

ऐंशीच्या दशकाची अखेरची वर्षं होती. मी एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होतो आणि घरी रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचो. नंदनवनात आमच्या गल्लीपासून जवळच एक शेठ राहायचे, लकडगंजात त्यांचा लाकडाचा धंदा होता. दिवाळीनंतर एक दिवस त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. त्यांच्या डोक्यात केबल आली होती. घरी व्हीसीआर ठेवायचा, त्यावर सिनेमा लावायचा आणि वायर टाकून तो घरोघरी पोचवायचा. तेव्हा टीव्हीवर एकच सरकारी वाहिनी, त्यामुळे दुपारी सिनेमा म्हटलं की बायका हातातलं काम टाकून बसणार हे उघड होतं.

"प्लॅन काढा," शेठ म्हणाले. "छोटा काढा, बीचवाला काढा, मोठा काढा. मंग पाहू."

डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात चटईवर बसून मी तीन प्लॅन काढले. आयुष्यात तितक्या मन लावून मी दुसरं काही काढलं नाही. छोटा प्लॅन वीस घरांचा होता, एक व्हीसीआर आणि एक बूस्टर. वायर जितकी लांब जाते तितकं चित्र मरतं, आणि घरागणिक फाटा फुटला की आणखी मरतं. मध्येच त्याला पुन्हा जोर द्यावा लागतो, तो देणारा पत्र्याचा डबा म्हणजे बूस्टर. मधला प्लॅन शंभरेक घरांचा होता. त्यात दोन व्हीसीआर धरले, कारण एकाचं हेड खराब झालं तर सिनेमा अर्ध्यात थांबायला नको, आणि बूस्टर तीन. मोठ्या प्लॅनमध्ये सगळं नंदनवन होतं, त्याचा कागद दोन पानं जोडून करावा लागला. प्रत्येक फाट्यावर किती घटणार, प्रत्येक डब्यात किती वाढणार, हे मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. कोणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवला नाही. वायरच्या बंडलावर छापलेली लांबीसुद्धा फुटपट्टीने मोजून घेतली.

शेठनी मधला प्लॅन निवडला.

बूस्टरला वीज लागते. ती खांबावरून थोडीच मिळते? तेव्हा रीत अशी होती की वाटेतल्या एखाद्या घरात डबा बसवायचा. त्या घराने वीज द्यायची, बटण कधी बंद करायचं नाही, आणि त्या बदल्यात त्यांचं कनेक्शन फुकट. ज्याच्याकडे डबा त्याच्यावर पुढची सगळी घरं अवलंबून, म्हणून माणूस भरवशाचा लागायचा. पहिला डबा शेठच्याच घरी होता आणि दुसरा त्यांच्या भावाकडे. तिसरा कुठे, असं शेठनी विचारलं तेव्हा मी क्षणभरही विचार न करता माझ्या दोस्ताचं घर सांगितलं.

दोस्त म्हणजे शाळेपासूनचा. एका बाकावर बसलो, एका सायकलवर फिरलो. तो पोस्टात होता. त्याच्या वडिलांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. घरात बुद्धाची तसबीर होती आणि मला तिथे कोणी या-बसा म्हणत नसे, मी थेट स्वयंपाकघरात जाऊन पाणी घ्यायचो. माझ्या आईला ते फारसं आवडायचं नाही. मला मात्र मनातून त्याचा अभिमान होता, की बघा, मी कसा आहे. त्याच्या घरापुढे चाळीस घरं होती आणि मागे त्याच्याच समाजाची एक दाट वस्ती.

"तुहा डबा मायाकडे? मंग माही बायको तर मले घराबाहेरच काढन, दिवसभर पिक्चर पाहीन," तो म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून भिंतीत खिळे ठोकले.

जानेवारी, फेब्रुवारी झकास गेले. शेवटच्या घरातसुद्धा चित्र काचेसारखं. होळीनंतर शेठ मोठ्या प्लॅनचं बोलायला लागले.

एप्रिलच्या अखेरीस पहिली तक्रार आली. दुपारच्या सिनेमात तिसऱ्या डब्यापुढच्या चाळीस घरांत मुंग्या. आधी एक काळा पट्टा पडद्यावर खालून वर सरकायचा, मग चित्र हलायचं, मग नुसत्या मुंग्या. संध्याकाळी सगळं ठीक. मे लागल्यावर हे रोजचं झालं. शाळांना सुट्ट्या, घरं पाहुण्यांनी भरलेली, आणि ऐन रंगात सिनेमा गायब. बायका शेठच्या दारात येऊन भांडू लागल्या.

मी दोस्ताला विचारलं. तो म्हणाला, "लाइटच कमी येऊन राहिली गा."

हे उत्तर मला पटलं नाही. शेठच्या घरी मी स्वतः तपासलं होतं, तिथे वीज ठणठणीत होती. तिथे स्टॅबिलायझर लावलेला आहे, तिथली वीज ठणठणीत असणारच, हे मला कळायला हवं होतं. पण मी तेव्हा वीज शोधत नव्हतो, माणूस शोधत होतो.

त्यात शेठ बोलले. "तुमचा दोस्त हाय, मले काही म्हणायचं नाही. पण त्याच्या मांगं अख्खी वस्ती हाय त्याच्या लोकायची. डब्यातून एखादी वायर तिकडं गेली, तर जोर कमी पडनच ना?"

'असं काय बोलता' एवढं मी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बघतो."

आणि बघायला लागलो. एकदा बघायला लागलं की दिसायला किती वेळ लागतो? त्याच्या गच्चीवर कपडे वाळत घालायची तार होती, ती मला वायर दिसू लागली. मागच्या वस्तीतली पोरं त्याच्या खिडकीशी उभी असायची, ती आधीही असायची, पण आता मला तो पुरावा वाटू लागला. पोस्टातून तो घरी जेवायला येतो ती वेळ आणि चित्र जायची वेळ मी कागदावर शेजारी शेजारी लिहिली. जुळली नाही. तेव्हा मी घड्याळावर संशय घेतला.

मग एका दुपारी तीन वाजता न सांगता त्याच्याकडे गेलो. नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस, लागायला चार दिवस होते, रस्त्यावर कुत्रं नव्हतं. दार उघडंच होतं. आत त्याचे वडील उघड्या अंगाने जमिनीवर बसले होते, पाठ घामोळ्यांनी लाल झालेली. मांडीवर नात, आणि तिला ते घडी केलेल्या वर्तमानपत्राने वारा घालत होते. खिडकीतला कूलर बंद होता. मी खसच्या जाळीला हात लावून बघितला, कोरडी ठाक.

नागपुरात मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद! माझ्या मनात काय आलं असेल? कूलर बिघडला का, विचारावं? नाही. मला वाटलं, या प्लगात आत्तापर्यंत वस्तीच्या वायरीसाठी दुसरं काहीतरी लावलेलं होतं आणि मी येताना दिसल्यावर ते काढलं. मी डबा तपासला, वायर हाताने चाचपत गच्चीपर्यंत गेलो. काही सापडलं नाही. तेही मला संशयास्पदच वाटलं.

"भाऊजी, पन्हं देऊ का?" वहिनींनी विचारलं. मी नको म्हणालो. त्या घरात काही नको म्हणायची ती माझी पहिलीच वेळ.

दुसऱ्या दिवशी मी सील घेऊन गेलो. प्रॅक्टिकल परीक्षेच्या वेळी लॅबच्या कपाटांना आम्ही कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही करायचो. कोणी कपाट उघडलं तर पट्टी फाटते. तशी पट्टी मी डब्याला लावली, एक बटणावर लावली आणि दोन्हींवर सही केली. दोस्त शेजारी उभा होता. डिंकाची बाटली त्यानेच धरली होती.

"हे काहून?" त्याने विचारलं.

"शेठनी सांगितलं," मी म्हणालो. शेठनी सांगितलं नव्हतं. ही अक्कल माझी एकट्याची होती.

त्याने बाटलीला झाकण लावलं आणि ती मला परत दिली.

तीन दिवस मी रोज जाऊन सील बघत होतो. पट्ट्या जागच्या जागी, आणि दुपारी मुंग्याही रोजच्या रोज. कोणी शहाणा असता तर तिथेच थांबला असता. मला वाटलं, वाफ दाखवली की डिंक सुटतो. मी माझीच सही भिंगाखाली धरून ती माझीच आहे ना ते तपासलं.

चौथ्या दिवशी दोस्तच म्हणाला, "तू लॅबवाला ना? मीटर आण. सुटीच्या दिवशी दुपारी आण, मी घरीच आहो."

रविवारी मी मीटर नेला. चाळीस घरांत सिनेमा सुरू होता. सॉकेटमध्ये पिना घातल्या आणि काटा बघितला. दोनशेतीस व्होल्ट हवेत, काटा दीडशेच्याही खाली थरथरत होता. एवढ्या विजेवर माझा डबा चालणं शक्यच नव्हतं. दोस्त उठला आणि त्याने कूलरचं बटण दाबलं. काटा आणखी खाली बसला. त्याने कूलर बंद केला, काटा थोडा वर आला.

सुरुवातीला एवढंच पुरत होतं, त्याने सांगितलं. आपला कूलर बंद ठेवला की डबा चालायचा. मेमध्ये गल्लीतल्या सगळ्याच घरांचे कूलर लागले, मग ह्याचा एकट्याचा बंद ठेवून उपयोग होईना. तरी तो बंदच ठेवत होता.

"महिना झाला भाऊजी," दारातून वहिनी म्हणाल्या, "कूलर लावू नाही देऊन राहिले हे. म्हणतात, दोस्ताचा प्लॅन आहे, पुढच्या घरच्या बायायचा पिक्चर जाते."

आतल्या खोलीत लेकरू किरकिरत होतं. मी मीटरच्या वायरी गुंडाळत बसलो, पुन्हा सोडल्या, पुन्हा गुंडाळल्या. पडद्यावर खालून वर सरकणारा काळा पट्टा म्हणजे वीज कमी पडल्याची खूण, हे मी दरवर्षी पोरांना शिकवत होतो. तीन प्लॅनमध्ये मी वायरचा वीतन् वीत मोजला होता. पण ते डिसेंबरात काढले होते, आणि नागपुरात जन्म काढून मी उन्हाळा धरला नव्हता. चूक कागदावर होती आणि मी ती त्याच्या घरात शोधत फिरलो. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

"मला आधी का नाही सांगितलंस?" मी विचारलं. याहून निर्लज्ज प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही.

"दोनदा सांगतलं," तो म्हणाला. "दुसऱ्यांदा सांगून राहिलो, तवा तू गच्चीवरची तार पाहून राहिला होता."

मी माफी मागितली. तो म्हणाला, होते असं. मी स्टॅबिलायझर आणून लावला, चित्र पहिल्यासारखं झालं, आणि त्याच संध्याकाळी त्याने शांतपणे सांगितलं की डबा दुसरीकडे हलव. भांडला नाही. वडिलांना खिळ्यांचा त्रास होतो म्हणाला. खिळ्यांचा कसला त्रास, पण मी वाद घातला नाही. डबा काढताना त्याने पट्टीचे चिकटलेले तुकडे ओल्या फडक्याने पुसून काढले.

तिसरा बूस्टर मी त्याच गल्लीतल्या माझ्या चुलत मामांकडे बसवला. भरवशाचा माणूस, रोज पूजा, कपाळाला गंध. पुढे दोन वर्षांनी शेठनी केबलचा धंदा विकला तेव्हा वायरी उतरवायला मीच उभा होतो. मामांच्या गच्चीवरून सहा वायरी उतरल्या ज्या माझ्या कोणत्याच कागदावर नव्हत्या. साडूकडे, सासुरवाडीकडे, शेजारी, सगळीकडे दोन वर्षं फुकट सिनेमा.

हा किस्सा मी बरेच दिवस हसत सांगायचो. दोस्ताशी बोलणं बंद झालं नव्हतं, फक्त मी त्याच्या स्वयंपाकघरात जात नव्हतो, बैठकीत बसायचो. एकदा पोस्टाच्या बाहेर टपरीवर चहा घेताना त्यालाही सांगितला. सांगता सांगता सहा वायरींपर्यंत आलो आणि वाटलं, आता तो हसेल, आणि सगळं पुन्हा नीट होईल.

तो हसला नाही. कपातला चहा संपवला आणि विचारलं, "मामाच्या डब्याले कागद लावला होता का तू?"

मी नाही म्हणालो. लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

त्याने मान हलवली, दोन्ही कप टपरीवाल्याकडे दिले आणि काउंटरवर लोक थांबले असतील म्हणून आत गेला.