बुरशीच्या आत अडकलेलं

बदलापूर गावातली राजसी अंबरनाथच्या एमआयडीसीत, एन्झाइम बनवणाऱ्या छोट्या कारखान्याच्या लॅबमध्ये कामाला होती. तिथे टाक्यांत बुरशी वाढवत. बुरशी आपल्या धाग्यांतून एन्झाइम पाण्यात सोडते. ते गाळून, कापड मऊ आणि फिकं करायला, जीन्स धुणाऱ्यांना विकायचं.

एन्झाइम बाहेर सोडण्याआधी बुरशी त्याला साखरेच्या साखळ्या चिकटवते. त्यातली एक काढली तर ते कापडावर जास्त झपाट्याने काम करेल, असं राजसीला वाटलं. तिने बुरशीच्या जनुकात तसा बदल केला. फ्लास्कमधल्या छोट्या चाचणीत एन्झाइम कमी उतरलं होतं, पण मोठ्या टाकीत सुधारेल म्हणून ती गप्प राहिली.

टाकीत बुरशी मस्त वाढली. पाण्यात मात्र एन्झाइम जवळजवळ नव्हतंच.

"टाकी तापली असणार," मॅनेजर श्रीपाद सर म्हणाले.

"नाय सर, नेहमीसारखीच चालवली," टाकी सांभाळणारे वांगणीचे जयदेवदादा म्हणाले.

सरांनी राजसीकडे पाहिलं.

"तापमानाने होऊ शकतं," ती म्हणाली.

दादांची बदली गोडाउनला झाली. जाताना ते तिच्याकडे आले. "मॅडम, माझं काय चुकलं ते सांगा ना. मला समजतच नाय."

राजसीला त्यांच्याकडे बघवेना. शेवटी तिने टाकीतली उरलेली बुरशी दळून तपासली. एन्झाइम आतच अडकलेलं होतं. त्या साखळीशिवाय त्याच्या रेणूची घडी नीट बसत नव्हती, आणि घडी न बसलेला माल पेशी बाहेर सोडत नाही, आतच मोडून टाकते.

ती तडक सरांकडे गेली. "चूक माझ्या बदलाची आहे, सर. फ्लास्कमध्येच एन्झाइम कमी उतरलेलं मला दिसलं होतं."

"मग दादांसमोर का नाही बोललीस?"

तिने तपासणीचे आकडे त्यांच्या टेबलावर ठेवले.

मग ती गोडाउनमध्ये गेली. दादांच्या उजव्या हाताला पट्टी होती. पिंप उतरवताना बोट चेपलं होतं. तिने सगळं सांगितलं, माफी मागितली.

दादांनी हातातली यादी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे टाकी बरोबर होती?"

"हो दादा."

"घरी सांगतो. बायको रोज विचारते."

पुढच्या आठवड्यात ते टाकीवर परतले आणि बदल न केलेली जुनी बुरशी पुन्हा लावली गेली. बोट काही सरळ झालं नाही. दादा व्हॉल्व्ह आता डाव्या हाताने फिरवतात, आणि राजसी समोर आली की कामापुरतंच बोलतात.