त्यांच्या हाताचं मोर्स

घशाच्या ऑपरेशननंतर माझ्या नवऱ्याचा आवाज कायमचा गेला. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आम्ही दोघांनी माना डोलावल्या होत्या. पण घरी आल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही, तेव्हा मला ते खरं कळलं.

मी पाटी आणून दिली. त्यांनी तिच्यावर लिहिलं, "मी पहिलीत आहे का?" आणि पाटी कपाटावर टाकली.

ते हौशी रेडिओवाले. कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर त्यांच्या एरियलची तार ताणलेली असायची आणि मोर्सच्या, म्हणजे टिंब-रेघांच्या भाषेतल्या, पिपाण्या वाजवत ते कुठकुठल्या परक्या माणसांशी बोलत. दिरांनी परदेशातून एक छोटा कॉम्प्युटर आणला होता. तो टीव्हीला जोडायचा, कॅसेट लावायची. किंचाळत किंचाळत प्रोग्राम आत जायचा. मग रेडिओवरचं मोर्स टीव्हीवर अक्षरांत उमटायचं. आता त्यांनी रेडिओ काढून मोर्सची कीच, ती बोटाने दाबायची खटकी, त्याला जोडली. सुट्या भागांसाठी मला बुधवार पेठेत पिटाळलं. ती दाबली की पिप-पीप वाजायचं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांत मराठी यायचं. पहिलं वाक्य आलं, 'चहात साखर नाही.'

नवऱ्याशी बोलायचं तर त्यांच्याकडे पाठ करून टीव्हीकडे बघायचं, हे मला सहन होत नसे. पण हळूहळू भांडणंही तशीच होऊ लागली.

मग अशक्तपणा वाढला. शब्दाच्या शेवटी त्यांचा हात कीवर रेंगाळायला लागला. कॉम्प्युटरला ते उमगेना, तो भलतंच छापायचा. एका दुपारी मी भाजी निवडत होते. मागे पिप-पीप वाजलं. "उघडते खिडकी," म्हणत मी टीव्हीकडे न बघताच उठले. मग पडद्यावर पाहिलं तर नुसता कचरा. मी वळले. त्यांचे खांदे हलत होते. ते हसत होते.

थंडी सरता सरता ते गेले.

पाहुणे पांगल्यावर, आजारपणात नेहमी येणारे त्यांचे कर्वेनगरचे एक रेडिओमित्र आले. मी म्हटलं म्हणून त्यांनी रेडिओ पुन्हा कॉम्प्युटरला जोडून दिला. दुपारी मी तो लावून बसायची. पडद्यावर अक्षरं येत. ई, ई, टी, ई. मधेच एखादा एन. मी वाचत राहायची.

"वहिनी," मित्र म्हणाले, "ही खरखर आहे. कुणाचा तरी मिक्सर, रस्त्यावरची रिक्षा. एक टिंब म्हणजे ई, एक रेघ म्हणजे टी. काहीही वाजलं तरी ते मशीन छापतं."

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं. तरी टीव्ही बंद केला नाही. एकदा तीन अक्षरं माझ्या नावासारखी आली. त्या दिवशी मात्र मीच वायर ओढून काढली, आणि नंतर कितीतरी दिवस त्या खोलीत जायचं टाळलं.

पुढे त्याच मित्रांनी मला रेडिओच्या परीक्षेला बसवलं. लायसन्स मिळालं, कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला, रेडिओ मात्र मी चालू ठेवला.

यंदा श्रावणात एका सकाळी मी एका अनोळखी माणसाशी मोर्सवर बोलत होते. हवापाण्याच्या गप्पा. कीवरून हात काढते तोच कर्वेनगरच्या त्या मित्रांचा फोन आला. आता वयामुळे त्यांना चालवत नाही, ते घरी नुसता रेडिओ ऐकत बसतात.

"वहिनी, मगाशी तुम्ही होतात?"

"हो. का?"

"शब्द संपताना हात रेंगाळतो तुमचा. मला वाटलं..."

"त्यांचंच ऐकून शिकले ना मी."

"अहो, पण तो असा नव्हता वाजवत. लखलखीत हात होता त्याचा. हे शेवटचं आहे, आजारपणातलं."

फोन ठेवल्यावर मी की ओढून घेतली. रेंगाळणं काढून टाकून सरळ, स्वच्छ वाजवून पाहिलं. पुन्हा पुन्हा पाहिलं. तसं वाजवलं की मी काय म्हणतेय ते माझं मलाच कळेना.