भावाचं अंग आणि देवीचा कौल

माझा धाकटा भाऊ मालवाहू जहाजावरून सुट्टीला घरी आला तेव्हा श्रीवर्धनची एस.टी. एका अंगाला कलली होती, असं मी अजून सांगतो. आमच्या सुपारीच्या वाडीत तो शिरला की दोन्हीकडची झाडं अंग चोरून उभी राहायची, हेही सांगतो. माझ्या बोलण्यातला रुपयातला बारा आणे माल पदरचा असतो, हे गावाला ठाऊक आहे. पण त्याच्या अंगाबद्दल कोणी कधी हरकत घेतली नाही, कारण अंग समोर दिसत होतं.

ते कुठून आलं, ते त्यानेच मला हसत हसत सांगितलं होतं. अंग फुगवायची इंजेक्शनं. एका देशात ही औषधाच्या दुकानात खोकल्याच्या बाटलीसारखी मिळतात. दुसऱ्या देशात पोलीस सामान उचकतात, म्हणून पोरं ती मोज्यात लपवतात. तिसरीकडे आपण तंबाखूची चिमूट पुढे करतो तशी एकमेकांना टोचून देतात.

"आणि आपल्याकडे?"

"आपल्याकडे जिमचा मास्तरच देतो, दादा. वर सांगतो, घरी विचारलं तर प्रोटीन म्हणून सांग."

त्याच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. आम्हा दोघांना वाढवलेल्या आत्याचा शब्द घरात चाले. तिने भावाच्या बायकोला, म्हणजे घरच्या सुनेला, तपासायला अलिबागला पाठवलं, उपास धरायला लावले, चार देवांना नवस बोलायला लावले. डॉक्टर म्हणाले, हिच्यात काही दोष नाही, नवऱ्याला आणा. यावर आत्या हसली होती.

"त्याला कशाला? बैलासारखा पोर माझा. बैल धडधाकट हाय, म्हणजे खोट जमिनीत हाय."

सून भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला नाही. दिवाळीनंतर आत्याने ठरवलं की देवीला कौल लावायचा: दुसरी करायची का? होकार आला तर हिला नागावला माहेरी पोचवायची.

आमच्याकडे कौल लावतात तो असा. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

कौलाच्या दिवशी सकाळी भाऊ वाडीत माझ्याजवळ येऊन बसला. त्याने ढिगातली सुपारी सोलायला घेतली.

"दादा, बाहेर एका बंदरात मी तपासून घेतलंय. खोट माझ्यात हाय. त्या इंजेक्शनांनी आतलं काम बंद पाडलंय. सोडली तर कदाचित सुरू होईल, कदाचित न्हाय होणार."

"मग सोड."

"सोडली की अंग उतरतं."

"तुझी बायको घरातून जातेय आणि तुला अंगाची पडलीय?"

तो मान खाली घालून म्हणाला, "अंगाशिवाय मला कोण ओळखतं, दादा?" एवढा मोठा गडी, पण त्या क्षणी सुपारीच्या ढिगामागे दिसेनासा झाला. यात पदरचं काही नाही.

देवळात गुरवाने फुलं लावली. सून खांबाला टेकून उभी होती, माहेरची पिशवी भरूनच आणलेली. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, "आई, या घराला दुसरी सून..."

"थांबा," भाऊ म्हणाला. आणि त्याने सगळं सांगितलं. इंजेक्शनं, बंदरातला डॉक्टर, सगळं. आवाज इतका बारीक होता की गुरवाने कानामागे हात धरला. बायको त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. चार वर्षांचे उपास तिने एका दमात मोजले असावेत.

आत्या म्हणाली, "बायकोसाठी खोटं बोलतोस. असलं अंग असून कोणाला खोट असते व्हय? कौल लागलाय. देवी बोलेल तसं."

फूल पडायला इतका वेळ लागला की तेवढ्यात माझी दाढी वाढली.

फूल पडलं. आत्याला मोतीबिंदू, तिला दिसलं नाही. भावाने डोळे मिटले होते. सून पिशवीकडे पाहत होती. पाहिलं ते गुरवाने आणि मी.

"कुठलं रे?" आत्याने मला विचारलं.

उजवं पडलं होतं.

"डावं," मी म्हणालो.

आयुष्यभर मी या बाईला एस.टी. कलल्याच्या गोष्टी सांगत आलो आणि ती "चल, थापाड्या" म्हणत आली. त्या दिवशी ती नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. गुरव वाकला, पडलेलं फूल उचललं आणि निर्माल्यात टाकलं. दुसरंही काढून टाकलं.

"डावं तर डावं," आत्या म्हणाली. तिने चाचपडत सुनेचा हात धरला. "ती पिशवी इकडे दे गो. एवढं ओझं कशाला उचलतेस?"